वरचा खांब त्यांचा, खालच्या तारा माझ्या

हॅमच्या घरी गेलेला पाहुणा आधी मान वर करतो. नारळाच्या शेंड्यांशी स्पर्धा करणारा खांब बघून "अय्यो, केवढा उंच!" म्हणतो आणि मोबाइल काढून फोटो घेतो. त्या फोटोत खांबाला हात लावून आमचे यजमान उभे असतात. मी त्या फोटोत कधीच नसते. मी तेव्हा उकिडवी बसून गवतात तार दाबत असते, आणि फोटो काढणाऱ्याने बहुतेक वेळा माझ्याच तारेवर पाय दिलेला असतो.

हॅम म्हणजे परवाना घेऊन, निव्वळ हौसेने रेडिओवर बोलणारा माणूस. आपल्या घरातल्या पेटीतून परमुलखातल्या कुणाला तरी हाक मारायची आणि त्याचं उत्तर आलं की दिवसभर खुशीत राहायचं, एवढाच हा नाद. आम्हा दोघांनाही तो आहे. यजमान, म्हणजे माझे पती, ज्यांना सगळं तंजावूर नुसतं राव म्हणतं आणि मीही या लेखात तेच म्हणणार आहे, एका सरकारी खात्यात वायरलेस सांभाळत होते. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्तीनंतर दोघं घरात बसलो असतो तर एकमेकांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या. त्याऐवजी आम्ही गावोगावच्या हॅम लोकांच्या अँटेना उभारून द्यायला लागलो. वाटणी पहिल्याच दिवशी झाली. वर चढायचं ते राव चढणार, जमिनीवरचं आणि जमिनीखालचं मी बघणार.

आता हे जमिनीखालचं म्हणजे काय, ते सांगते. सरळ उभ्या अँटेनाला व्हर्टिकल म्हणतात. तिला जागा कमी लागते आणि ती लांबचं बोलते, म्हणून लोकांना ती आवडते. पण जो खांब दिसतो तो अर्धाच असतो. उरलेली अर्धी अँटेना म्हणजे तिच्या पायाखालची जमीन. पेटीतून जेवढी वीज वर जाते तेवढीच जमिनीतून परत यावी लागते. माती हे काम फार वाईट करते. ती वीज घेते, स्वतः ऊब खाऊन बसते आणि थोडीशीच परत करते. म्हणून खांबाच्या पायाशी छत्रीच्या काड्यांसारख्या चहूबाजूंनी तांब्याच्या तारा पसरायच्या. त्यांना रेडियल म्हणतात. त्या खोल पुरायच्या नाहीत, गवताच्या मुळाशी दाबून बसवायच्या. महिन्याभरात गवत त्यांना गिळून टाकतं आणि मग माझं काम कुणालाच दिसत नाही. नवरात्रात घरोघरी कोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, मांडतात, बाहुल्यांचं कौतुक होतं, पण पायऱ्यांच्या पांढऱ्या कापडाखाली कुठली ट्रंक आणि कुठले डबे आहेत ते कोण विचारतं? तसंच हे.

त्यात आमचा मुलूख कावेरीचा. इथल्या माणसाला आपल्या ओल्या मातीचा इतका अभिमान की मी तारेचं भेंडोळं काढलं की तो दुखावतो. "बाई, इथे वीतभर खणलं की पाणी लागतं, तुम्हाला आणखी कसली जमीन हवी?" असं मला शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं आहे. शिवाय प्रत्येकाच्या ओळखीत एक इलेक्ट्रिशियन असतो. तो खड्डा खणतो, त्यात मीठ आणि कोळसा घालतो, पट्टी पुरतो आणि उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी ओतायला सांगून जातो. हे अर्थिंग उत्तम असतं. शॉक लागू नये म्हणून ते हवंच, मी स्वतः पोरांना तेच शिकवलं. पण रेडिओच्या विजेला तो एकुलता एक खड्डा पुरत नाही.

ओरत्तनाडूजवळच्या एका भातगिरणीच्या मालकांनी तर मला घराबाहेर काढायचंच बाकी ठेवलं होतं. त्यांच्याकडे असाच एक खड्डा आणि त्यावर झकास व्हर्टिकल होती. अँटेना नीट जुळली आहे का ते सांगणारा एक मीटर असतो. त्यांचा मीटर इतका सुरेख दाखवायचा की त्यांनी पेटी त्याच्यासकट दिवाणखान्यात मांडली होती. बोलणं मात्र तिरुच्चीच्या पलीकडे पोचत नव्हतं. मी भात वाळवायच्या खळ्याच्या कडेने रेडियल पसरले. झालं, मीटर बिघडला! काटा नको तिकडे सरकला. मालक लाल झाले. "अम्मा, चांगलं होतं ते तुम्ही वाटोळं केलंत!" मी त्यांना समजावलं की मातीत वाया जाणारी वीज मीटरला आवडते, तिच्यामुळेच तो खोटा खोटा खूश होता, आता ती वाया जायची थांबली, म्हणून त्याचं तोंड वाकडं झालं. पायाशी एक छोटं कॉइल बसवून आम्ही त्याची समजूत काढली. त्याच संध्याकाळी मालकांना जपानमधून उत्तर आलं. त्यानंतर त्यांनी मला जेवायला बसवून इतकं वाढलं की रावांना गाडी हळू चालवावी लागली.

तेव्हापासून कुठे मीटर फार सुरेख दिसला की मी आधी खांबाच्या पायाशी जाऊन बघते. चंद्राअक्कांच्या घरी तो तसाच दिसला.

चंद्राअक्का राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. गणिताच्या शिक्षिका होत्या, निम्म्या गल्लीने त्यांच्या हातची छडी खाल्ली आहे. त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, लहानपणापासून मोर्सचा नाद. मोर्स म्हणजे 'की' नावाची छोटी दांडी दाबून, टकटक करून अक्षरं पाठवायची जुनी रीत. अण्णा आता ऑस्ट्रेलियात लेकीकडे असतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पण हात शाबूत होता. त्यामुळे रोज आपल्या इथल्या दिवेलागणीला अण्णा तिथून टकटकायचे आणि अक्का इथून उत्तर द्यायच्या. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची तंजावरी मराठी. जगात दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर डोकं धरून बसला असता.

फोनवर लिहून पाठवता येतं की, असं मी एकदा बोलून गेले. अक्कांनी माझ्याकडे शाळेतल्या नजरेने बघितलं.

"सीता, लिहिलेल्या अक्षराला आवाज असतो कां? अण्णा कीवर बसला की मला कळतें, आज तो रागांत आहे, आज त्याला खोकला आहे. तो त्याचा आवाज आहे गं. आतां तेवढाच उरला."

त्यांची जुनी अँटेना म्हणजे एक लांब तार होती. तिचं एक टोक त्यांच्या गच्चीला आणि दुसरं शेजारच्या सेल्वीच्या नारळाला. सेल्वी घरी भाताचे वडाम, म्हणजे सांडगे, करून विकते. तिच्या पत्र्यावर नारळ पडून पत्रा फुटला, तेव्हा तिने ते झाड पाडलं. झाड तिचं, पत्रा तिचा, डोकंही तिचंच फुटलं असतं. पण अक्कांची तार जमिनीवर आली आणि अक्कांनी सेल्वीशी बोलणं टाकलं. मग कुणीतरी मागच्या कोल्लैत, म्हणजे परसात, भिंतीला लागून पाच मीटरची व्हर्टिकल उभी करून दिली. अर्थिंगचा खड्डा त्याने पार दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी घेतला, का तर तिथली माती सगळ्यांत ओली. मीठ-कोळसा घातला आणि लांबलचक वायर ओढून खांबाला जोडली. अक्का रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओतायच्या.

तो खांब उभा राहिला त्या दिवसापासून अक्कांना अण्णा स्वच्छ ऐकू येत होते, पण अण्णांना अक्का ऐकूच येईनात; अक्कांनी पाठवलेली वीज इथली मातीच खात होती.

"हा कसला न्याय, सांग पाहूं," अक्का मला म्हणाल्या. "तो विचारतो, चंद्रे, आहेस कां? मी इथें ओरडतें, आहें, आहें! तो पुन्हा विचारतो, आहेस कां?"

ओरडतें म्हणजे अक्का ती की आपटत होत्या. की जोरात दाबली म्हणून काही लांब ऐकू जात नाही, हे त्या पोरांना शिकवू शकल्या असत्या. तरी आपटत होत्या. रावांनी कीचं बूड तपासलं, ते खिळखिळं झालं होतं.

आम्ही गेलो तेव्हा नवरात्र तोंडावर होतं आणि त्यात खरी अडचण होती. आमच्याकडे आयुधपूजेला आपापली हत्यारं देवापुढे ठेवतात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. विजयादशमीला उचलून कामाची सुरुवात करायची. हे भाऊबहीण आपापली मोर्सची की पूजेला ठेवत आणि विजयादशमीला पहिलं बोलणं एकमेकांशी करत. त्यात कधी खंड पडला नव्हता. या वर्षी अण्णांनी टकटकून सांगितलं होतं, एकट्याने किती बडबडू, विजयादशमीला तुझं उत्तर आलं नाही तर मी ही की परत देवापुढे ठेवीन, ती पुन्हा उचलणार नाही.

"तो बोलतो तसें करतो," अक्का म्हणाल्या. "हट्टी आहे. आमच्या घरांत सगळेच."

मी विहिरीजवळच्या खड्ड्याला नमस्कार केला, तो शॉकपासून बचावासाठी राहू दिला आणि खांबाच्या पायाशी तांब्याची कडी बसवून तिथून रेडियल काढायला सुरुवात केली. दोन दिवसांत अक्कांच्या बाजूचं परस तारांनी भरलं. मीटर बिघडला, माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी अक्का कीवर बसल्या. थोड्या वेळाने अण्णांच्या लेकीचा फोनवर निरोप आला. अण्णा म्हणतात, काहीतरी कुरकुरतंय, पण अक्षर लागत नाही.

म्हणजे आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो, आत जाता येत नव्हतं. कारण उघड होतं. खांब भिंतीला टेकलेला, त्यामुळे माझी छत्री अर्धीच उघडली होती. अर्धं वर्तुळ भिंतीपलीकडे, सेल्वीच्या परसात पडत होतं. खांब हलवायला दुसरी जागा नव्हती, एका बाजूला विहीर, दुसरीकडे संडासाची टाकी.

"मग नको," अक्का म्हणाल्या. "तिच्या दारांत मी जाणार नाहीं."

"मी जातें," मी म्हटलं.

"तूं जाऊन काय? जमीन मागायची ती माझ्यासाठीं. मागायला मीच जायला हवें." आणि मग अक्का कोलूच्या पायऱ्यांकडे वळल्या. "सीता, कोलूला बोलावलें तर कुणी नाहीं म्हणत नाहीं, ना?"

मला हसू आलं. नवरात्रात कोलू बघायला बोलावलं की आमच्या गावात वैरीणसुद्धा येते. कुंकू, विडा आणि चुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, न घेता परत जाणं शोभत नाही. गणिताच्या बाईंनी बरोबर सूत्र काढलं होतं.

अक्का स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन भिंतीपलीकडे गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, फार वेळ लागला नाही. संध्याकाळी सेल्वी रेशमी साडी नेसून आली. येताना एक डबा भरून वडाम आणले होते. बाहुल्या बघितल्या, चुंडल खाल्लं. मग अक्कांनी तिला शेजारच्या खोलीत नेलं. दिवेलागण झाली होती. पेटीतून अण्णांची टकटक येत होती.

"हे काय म्हणतंय, टीचरम्मा?" सेल्वीने तमिळमध्ये विचारलं.

"माझा भाऊ आहे. आहेस का, म्हणून विचारतोय."

"मग तुम्ही सांगा ना!"

"सांगतेय. त्याला ऐकू जात नाही." आणि अक्कांनी तिला सगळं सांगितलं, घशाचं ऑपरेशन, विजयादशमी, अर्धं वर्तुळ. सेल्वी ऐकत राहिली. तिला कॉइल, मीटर काही कळलं नसेल. पण तिचा नवरा दुबईत आहे आणि वाट बघणं तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या.

"शॉक लागेल का? आणि वडाम कुठे वाळत घालू?"

मी सांगितलं, खांबाला हात लावायचा नाही, तारा अंगाला लागू न देता मातीला चिकटवून टाकीन, महिन्याभरात गवत त्यावर येईल, वडाम खुशाल वरच्या चटईवर घाल.

"अय्यो, आधी सांगायचं ना टीचरम्मा," सेल्वी म्हणाली. "झाड पाडायच्या आधी मीही येऊन सांगायला हवं होतं."

अक्कांनी तिच्या ओंजळीत आणखी चुंडल घातलं. आमच्याकडे याच्यापेक्षा मोठी माफी कुणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या पायाशी पावसाचं पाणी जायला ठेवलेल्या भोकातून जाड तार पलीकडे घेतली आणि तिथून उरलेली छत्री उघडली. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दुपारी माझे आकडे संपले. तार दाबून ठेवायला मी सायकलच्या जुन्या स्पोकचे आकडे वाकवून आणते. रावांना बाजारात पाठवलं तर ते वाटेत कुणाच्या तरी अँटेनाकडे मान वर करून उभे राहिले असणार, परत येईनात. सेल्वी घरात गेली आणि केसांच्या पिनांचा डबा घेऊन आली. जुन्या, गंजलेल्या, तिच्या, तिच्या सासूच्या, सगळ्या. मी, सेल्वी आणि गुडघे धरून अक्का, तिघी गवतात बसून पिना टोचत गेलो. राव शेवटी आले आणि फोटो काढायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझा कामाचा फोटो निघाला, त्यात माझी पाठ आहे.

शेवटची तार दाबली तेव्हा उजेड जात होता. अक्कांनी की उचलली, पुसली आणि सरस्वतीपुढे ठेवली. शेजारी माझी पक्कड आणि तारेचं उरलेलं भेंडोळं. सेल्वीने भिंतीवरून आपला वडाम पाडायचा साचा दिला, म्हणाली, तो पण ठेवा. की पूजेत गेली, म्हणजे तारा चालतात का ते करून बघायची सोय राहिली नाही. अण्णांनीही तिकडे की देवापुढे ठेवली होती. आयुधपूजेचा अख्खा दिवस मी घरात येरझारा घातल्या. कुठे सांधा ढिला राहिला असेल, कुठे सेल्वीच्या कोंबडीने पिन उपटली असेल, काय काय मनात आलं. रावांनी सांगितलं, तू स्वयंपाकघरात ये-जा करून जमिनीला भेगा पाडशील.

विजयादशमीला संध्याकाळी आम्ही अक्कांकडे गेलो. सेल्वी आधीच येऊन बसली होती, केस मोकळेच सोडलेले, कारण पिना जमिनीत होत्या. अक्कांनी कीला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि पेटी लावली. अण्णा होते. नेहमीची हाक दिली, थांबले. रावांनी ती कागदावर उतरवली, मला मोर्स तेवढ्या वेगाने कळत नाही. चंद्रे, आहेस कां?

अक्का उत्तर द्यायला लागल्या. काय तो आवेश! टेबल हललं, समईची ज्योत हलली, की पुन्हा खिळखिळी होते की काय असं मला वाटलं. आहें, अण्णा, आहें, इथेंच आहें. मग हात उचलला आणि खोलीत नुसती पेटीची खरखर राहिली. सेल्वीने माझं मनगट धरलं. खरखर चालूच होती. मला पहिल्यांदा वाटलं, नाही पोचलं. एवढ्या पिना, एवढं सगळं, आणि नाही पोचलं.

मग टकटक आली, सावकाश, एकेक अक्षर सुटं. राव लिहीत होते, पण अक्कांना कागद लागत नव्हता. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून सेल्वी उठली, तेव्हा कळलं की त्या हसतही आहेत.

"काय म्हणाले? टीचरम्मा, काय म्हणाले?"

अक्कांनी रावांकडे बोट केलं. रावांनी कागद माझ्यापुढे धरला. गळ्यात आवाज नसलेल्या त्या माणसाने समुद्रापलीकडून टकटकलं होतं:

चंद्रे, ओरडूं नको. ऐकूं येतें.